भिंतीवरचे नंबर

दवाखान्याला साठ वर्षं पूर्ण होत होती आणि त्यानिमित्त एक पुस्तक निघणार होतं. आजवर ज्यांनी ज्यांनी दवाखान्याचा कारभार पाहिला, त्यांनी तो कसा पाहिला हे दोन पानांत लिहून द्यायचं, असं नव्या मॅनेजरबाईंनी ठरवलं होतं. मेट्रन म्हणून काम केलेल्यांपैकी आता एकच हयात होत्या. वय एकोणऐंशी, पाठ ताठ, कान शाबूत, गुडघे मात्र कुरकुरणारे. निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली तरी दवाखान्यात त्यांचा उल्लेख अजून 'मोठ्या बाई' असाच होत असे.

मोठ्या बाई भाचीबरोबर राहत. भाची ग्रंथालयात नोकरी करायची आणि आत्याला धाक घालू शकणारी जगातली एकमेव व्यक्ती होती. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मोठ्या बाईंच्या खोलीत पलंगावरची चादर चारी कोपऱ्यांना अशी घट्ट दुमडलेली असे, की भाची म्हणायची, या पलंगावर झोपायला दाखल व्हावं लागतं. कपाटाच्या खालच्या खणात तपकिरी पुठ्ठ्याच्या डायऱ्या ओळीनं उभ्या होत्या, वर्षाला एक. पहिली नोकरी लागली त्या वर्षापासून एक दिवस चुकला नव्हता. आणि एकाही पानावर खाडाखोड नव्हती. वॉर्डातल्या रिपोर्ट बुकाचा नियम त्यांनी घरीही पाळला होता: चुकलं तर खरवडायचं नाही, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ, वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही आणि वेळ. खालची चूक वाचता आली पाहिजे.

मॅनेजरबाई स्वतः घरी आल्या. पस्तिशीच्या असतील, बोलायला गोड, आणि चहा पिताना बशीचा आवाज होऊ न देणाऱ्या. हे मोठ्या बाईंच्या लक्षात राहिलं. त्यांनी पुस्तकाचं सांगितलं, आणि मग जरा पुढे सरकून दुसरं सांगितलं. नव्या इमारतीत नर्सच्या प्रशिक्षणासाठी एक मोठी खोली तयार होत होती. तिला मोठ्या बाईंचं नाव द्यायचं ठरलं होतं. पितळी पाटीचं चित्रही त्यांनी आणलं होतं. वर नाव, त्याखाली 'चालता चार्ज या पद्धतीच्या जनक', आणि त्याखाली, अवतरणचिन्हांत, मोठ्या बाईंचं ते प्रसिद्ध वाक्य: 'आजारी माणूस असतं, भिंत नसते.'

चालता चार्ज म्हणजे काय, हे त्या दवाखान्यात झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ड्यूटी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला वॉर्डाचा चार्ज देते. पूर्वी हे ड्यूटी रूममध्ये बसून, वही वाचून होत असे. मोठ्या बाईंनी ते बंद केलं. दोघींनी खाटेखाटेपाशी चालत जायचं, पेशंटला तिचं नाव तिच्याच तोंडून विचारायचं, मग औषधाचं बोलायचं, आणि शेवटी वहीत दोघींनी सही करायची, देणारीनं आणि घेणारीनं. यात आणखी एक अट होती. दोघींच्या मागे वॉर्डाच्या आयानंही चालायचं. आया कशासाठी, हे कुणाला कधी नीटसं कळलं नव्हतं. मोठ्या बाईंची शिस्त, एवढंच सगळ्या म्हणत आणि आयाला बरोबर घेत.

जाताना मॅनेजरबाईंनी नमुना म्हणून तीन जुन्या सुपरिंटेंडंट साहेबांचे लेख ठेवले. संध्याकाळी भाची आल्यावर दोघींनी ते मोठ्यानं वाचले. पहिल्या साहेबांनी लिहिलं होतं की दवाखाना म्हणजे वादळात सापडलेलं जहाज होतं आणि आपण सुकाणू हाती घेतलं. मोठ्या बाईंना आठवत होतं ते एवढंच, की पावसात छप्पर गळायला लागलं की हे साहेब रजेवर जात. दुसऱ्यांनी दवाखाना बागेसारखा फुलवला होता. त्यांच्या टेबलावरच्या कुंडीतलं झाड मात्र तीनदा बदलावं लागलं होतं. तिसऱ्यांनी कर्मचाऱ्यांची पलटण उभी केली होती. ते बायकोचा फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहत.

"म्हणजे यांनी एक जहाज, एक बाग आणि एक पलटण चालवली," भाची म्हणाली. "दवाखाना कोण चालवत होतं मग?"

मोठ्या बाई हसल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः लिहायला बसल्या, तेव्हा त्यांच्याही लेखणीतून तसंच काहीतरी उतरू लागलं. मी शिस्त आणली, मी ठरवलं, मी पाहिलं, मी सुरू केलं. भाचीनं ते पान वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाली, "आत्या, यात तू बरीच उंच दिसतेस गं."

चालता चार्ज नक्की कोणत्या तारखेला सुरू झाला हे तरी बरोबर लिहावं, म्हणून मोठ्या बाईंनी बावन्न वर्षांपूर्वीची डायरी काढली. बुधवारच्या पानावर होतं: 'आजपासून चार्ज खाटेजवळ घेतला.' आणि त्याच्या अलीकडच्या पानावर, मंगळवारी, त्यांच्याच कोवळ्या, सरळ अक्षरात: 'रजेवरून हजर. फरशी धुतली. दाखल तीन, सोडले दोन. ऑपरेशन एक. सर्व ठीक.'

सर्व ठीक. त्या दोन शब्दांकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. चहा निवला.

तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, स्त्रियांच्या वॉर्डाच्या सिस्टर. बावीस खाटा, अकरा या बाजूला, अकरा त्या बाजूला. उंच खिडक्या, त्या उघडायला आकडा लावलेली काठी. सकाळी पावणेसातला दार ढकललं की आधी फिनेलचा वास यायचा, मग मागच्या टेबलावरच्या उकळत्या भांड्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींवर आपटल्याचा नाजूक आवाज. औषधांच्या गाडीचं एक चाक चिवचिवायचं. पेशंट म्हणत, आमची चिमणी आली. डोक्यावरची टोपी खळ घालून इतकी कडक केलेली असे की मान वळवली की आधी टोपी वळते आणि मग डोकं, असं कंपाउंडर म्हणायचा. पाय दुखायचे, हात स्पिरिटनं पांढरे पडायचे. आणि तरीही त्या दिवसांसारखे दिवस पुन्हा आले नाहीत, असं मोठ्या बाईंना आज वाटत होतं. पुढे ऑफिस आलं, गोल खुर्ची आली, दारावर नाव आलं. पण चिमणीचा आवाज लांब गेला.

त्या वॉर्डात एक आया होती. वय तीस, अंगानं काडी, आणि चालणं असं की या टोकाला दिसली म्हणावं तर त्या टोकाला भांडं रिकामं करत असायची. तिला सगळ्या भिंगरी म्हणत. ती नोकरीला लागून पाचच महिने झाले होते.

आता त्या वॉर्डात खाटांना नंबर नव्हते. नंबर भिंतीवर रंगवलेले होते, काळ्या रंगात, वीतभर उंच. नंबराखाली खिळा, खिळ्याला तापाची पाटी, आणि कुणाला काय द्यायचं, कुणाला काय द्यायचं नाही याची चिठ्ठी. दर मंगळवारी पहाटे खाटा मधोमध ओढून भिंतीकडची फरशी धुवायची आणि सात वाजायच्या आत खाटा पुन्हा जागेवर न्यायच्या, हा रिवाज.

त्या मंगळवारी सिस्टर चार दिवसांच्या रजेवरून आल्या होत्या. वॉर्डात अर्धे चेहरे नवे होते. रात्रीच्या नर्सनं ड्यूटी रूममध्ये बसून वही वाचून दाखवली. सात नंबर: साखरेची पेशंट, म्हातारी, नाश्त्याआधी इन्सुलिन. आठ नंबर: शाळामास्तरीण, नऊ वाजता पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, तोंडानं काही द्यायचं नाही, गुंगीचं इंजेक्शन दिलेलं आहे. सिस्टरनी मान डोलावली, सही केली, इन्सुलिन भरलं आणि ट्रे घेऊन सात नंबराखाली जाऊन उभ्या राहिल्या. शेजारी आठ नंबराखालची बाई एकसारखी कुरकुरत होती, मला चहा का नाही, आज काय उपास घडवता का. ऑपरेशनच्या आधी सगळ्याच अशा बोलतात, म्हणून सिस्टरनी लक्ष दिलं नाही. सात नंबराखालची बाई चादर तोंडावर ओढून पेंगत होती. सिस्टरनी तिची बाही वर केली.

भिंगरी मागून हातात भांडं घेऊन चालली होती. ती थांबली. म्हणाली, "सिस्टर, ही सातातली नाही. ही मास्तरीण."

सिस्टर वळल्या. सगळ्या वॉर्डासमोर आयानं टोकलं होतं. त्या म्हणाल्या, तू तुझं काम कर, नंबर समोर भिंतीवर लिहिलेला आहे, मला वाचता येतो.

आणि भिंगरी म्हणाली, "आजारी बाई आहे, सिस्टर. भिंत नाही."

सिस्टरना कानशिलं तापलेली आठवत होती. केवळ हिचं तोंड बंद करावं म्हणून त्यांनी पेंगणाऱ्या बाईला हलवून नाव विचारलं. तिनं जे नाव सांगितलं ते आठ नंबरचं होतं. सुई कातडीपासून दोन बोटांवर होती. उपाशी पोटी, तासा-दीड तासात ऑपरेशनला जाणाऱ्या बाईला ते इन्सुलिन गेलं असतं तर ती टेबलावरून उठली नसती.

सिस्टरनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मग त्या आणि भिंगरी, दोघींनी मिळून खाटा आपापल्या जागी नेल्या. म्हातारीला तिचं इन्सुलिन मिळालं, मग तिचा चहा. मास्तरीण वेळेवर ऑपरेशनला गेली आणि बारा दिवसांनी चालत घरी गेली. रिपोर्ट बुकात सिस्टरनी काही लिहिलं नाही. डायरीत लिहिलं, सर्व ठीक.

दुसऱ्या दिवसापासून चार्ज खाटेजवळ सुरू झाला. महिन्याभरानं तेव्हाच्या मेट्रननी पाहिलं आणि विचारलं की हे कुठून सुचलं. सिस्टर म्हणाल्या, सुचलं. मग सुपरिंटेंडंट पाहायला आले, मग सगळ्या वॉर्डांत तो नियम झाला. अकरा वर्षांनी मेट्रनच्या जागेसाठी मुलाखत झाली, तेव्हा समितीतल्या पाच जणांसमोर त्यांना हाच प्रश्न विचारला गेला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आजारी माणूस असतं, भिंत नसते." पाचही जणांनी ते वाक्य लिहून घेतलं. जागा त्यांना मिळाली.

भिंगरीला काय मिळालं? तिला त्याच वॉर्डात कायमची नेमणूक मिळाली, आणि चार्जच्या वेळी दोन नर्सच्या मागे चालायचा हक्क. त्यापलीकडे मोठ्या बाईंच्या हातून काही झालं नाही. ती निवृत्त झाली तेव्हा त्यांनी तिला एक चांगलं लोकरी पांघरूण दिलं आणि भाषणात म्हटलं, ही आमच्या वॉर्डाची भिंगरी. सगळे हसले, टाळ्या झाल्या. त्यानंतर त्या तिच्याकडे फक्त एकदा गेल्या होत्या, आणि तेही आता चौदा वर्षं झाली. लाज माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकालाही जाऊ देत नाही.

मोठ्या बाईंनी पहिलं पान बाजूला ठेवलं आणि नवं घेतलं. या वेळी मंगळवारचं सगळं लिहिलं, सुईसकट. वाक्य कुणाचं तेही लिहिलं. शिस्तीचा एक परिच्छेद मात्र तसाच राहू दिला. तो काही खोटा नव्हता. भाचीनं वाचलं. या वेळी ती थट्टा न करता एवढंच म्हणाली, की पाटी जाईल हे तुला कळतंय ना. मोठ्या बाई म्हणाल्या, कळतंय. पण आधी भिंगरीला वाचून दाखवायचं. तिचं आहे, तिला न विचारता दुसऱ्यांदा घ्यायचं नाही.

रविवारी दुपारी दोघी बसनं गेल्या. भिंगरी लेकीकडे राहत होती, तळमजल्यावर, अंगणात दोरीवर धुतलेल्या चादरी. ती दारातच खुर्ची टाकून बसली होती. वय ब्याऐंशी, एका डोळ्यानं जवळजवळ काही दिसत नव्हतं, पण पायाचा अंगठा सारखा हलत होता, जणू भिंगरी अजून थांबायला तयार नव्हती.

"कोण आलंय?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "सिस्टर. पावलं ओळखते मी. गुडघा कधीपासून?"

लेकीनं खुर्च्या मांडल्या. मग इकडचं तिकडचं झालं: कोण राहिलं, कोण गेलं, कंपाउंडरचा मुलगा डॉक्टर झाला, जुना वॉर्ड पाडला. भिंगरीनं सांगितलं की मास्तरीण खाटेवर पडून होती त्या बारा दिवसांत तिनं आपल्याला सही करायला शिकवलं. त्या महिन्यापासून ऑफिसातल्या हजेरीवर अंगठा देणं बंद झालं. मोठ्या बाईंना हे ठाऊकच नव्हतं. बावन्न वर्षं त्यांना वाटत होतं की भिंगरी लिहितीवाचती होती.

मग मोठ्या बाईंनी पानं काढली आणि वाचून दाखवली. भिंगरी अंगठा हलवायचं थांबवून ऐकत होती. वाचून झाल्यावर ती म्हणाली,

"सिस्टर, यात एक राहिलं."

"काय?"

"खाटा कुणी बदलल्या ते."

"फरशी धुताना बदलल्या असतील."

"आपोआप? पाय होते त्यांना?"

"चाकं होती."

"चाकं होती. पण ढकलणारी मीच होते ना."

मग तिनं सांगितलं. त्या पहाटे जोडीची आया आली नव्हती. बावीस खाटा एकटीनं ओढायच्या. सगळ्या परत लागल्या, सात नंबरचं मात्र चाक अडकलं, खाट काही केल्या सरकेना. ती नेमकी आठच्या जागेपुढे अडलेली, म्हणून आठ नंबरलाही वाट नाही. सात वाजत आलेले. तिनं आठ नंबर ओढून सातच्या जागेत घातली, मग सातला लाथ मारून चाक सोडवलं आणि आठच्या जागेत लोटलं. मनात म्हणाली, भांडी झाली की बदलते. आणि भांड्यांच्या नादात विसरली. सिस्टरच्या हातातली सुई पाहिली तेव्हा आठवलं.

"मी काही फार हुशार नव्हते, सिस्टर. मला माहीत होतं म्हणून मी बोलले."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस, खाटा मी बदलल्या म्हणून?"

"पाच महिने झाले होते नोकरीला. सांगितलं असतं तर ठेवलं असतंत मला?"

मोठ्या बाईंनी विचार केला. "नसतं ठेवलं," त्या म्हणाल्या.

"बघा. आणि तुम्ही वहीत काहीच लिहिलं नाहीत. मी रोज वाट बघायची, आज बोलावतील, उद्या बोलावतील. मग कळलं. सिस्टरनं सगळं ओळखलंय आणि मला वाचवायला तोंड मिटून बसलीय. वर मला चार्जला बरोबर घेतलं, म्हणजे पुन्हा अशी चूक माझ्या हातून होऊ नये. माझ्या पोरीला विचारा. हिला, हिच्या पोरांना, सगळ्यांना सांगितलंय, माझ्या सिस्टरसारखं माणूस मी पाहिलं नाही."

लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "लहानपणापासून ऐकतोय आम्ही. जेवताना जास्तच."

भाचीनं आत्याकडे पाहिलं. मोठ्या बाई हातातल्या पानांकडे पाहत होत्या. दवाखान्यातली पाटी पितळेची होणार होती. पण या घरात, या म्हातारीच्या तोंडी, त्यांची याहून चकचकीत पाटी पन्नास वर्षं टांगलेली होती. ती तशीच राहू द्यायला काहीच करावं लागणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते त्यांना चांगलं जमत होतं.

"भिंगरी," त्या म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी गप्प बसले नव्हते. खाटा तू बदलल्यास हे मला आज कळतंय. मी माझ्यासाठी गप्प बसले. माझी टोपी जाईल म्हणून."

अंगणातल्या चादरी हलल्या. भिंगरीनं चांगला डोळा त्यांच्याकडे वळवला.

"म्हणजे पन्नास वर्षं मी उगीचच तुमचे गोडवे गायले."

"हो."

"आणि तुम्ही मला उगीचच शहाणी समजलात."

"हो."

"काय बाई आपण दोघी," भिंगरी म्हणाली, आणि हसायला लागली. हसता हसता तिला इतका खोकला आला की लेक पाणी घेऊन धावली. मोठ्या बाईंनी सवयीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, दोन फासळ्यांच्या मधे, जिथे ठेवायचा असतो तिथेच.

खोकला थांबल्यावर भिंगरी म्हणाली, "लिहा तुम्ही. पण खाटा मी बदलल्या तेही लिहा. वाक्य घेतलंत, पद्धत घेतलीत, आता चूकसुद्धा सगळी एकटीच घेणार होय?"

चहा आला. मग कुणी सुरू केलं ते सांगता येत नाही, पण दोघी म्हाताऱ्या त्या मंगळवारचा वॉर्ड चालू लागल्या. एक नंबर, हाताला भाजलेली धोबीण. दोन नंबर, तिचं नाव विसरलं, पण ती झोपेत हिशेब करायची. तीन नंबर रिकामी. चार नंबर, ती जाड नर्तकी, नाही गं ती पाच, चारला तिची सवत. सहा नंबरला खिडकीतून नवरा फुलं दाखवायचा, आत यायला घाबरायचा. आठ नंबर आल्यावर दोघी थांबल्या, आणि भिंगरी म्हणाली, पुढे चला, पेशंट झोपलीय. बाविसाव्या खाटेपर्यंत पोचायला पाऊण तास लागला. भाचीची बस दोनदा चुकली. तिसरी मिळाली.

सोमवारी मोठ्या बाईंनी लेख पुन्हा स्वच्छ लिहिला आणि पाठवला. पाच दिवसांनी मॅनेजरबाईंचा फोन आला. लेख फार आवडला, डोळ्यांत पाणी आलं, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरं असावं. पण समितीचं म्हणणं पडलं होतं की पुस्तक नेतृत्वाविषयी आहे. दोन परिच्छेद गाळले तर बरं.

"कोणते?"

"सुईचा आणि खाटांचा."

"मग राहिलं काय?"

"शिस्तीचा परिच्छेद, बाई. तो फार छान आहे."

"तो गाळा," मोठ्या बाई म्हणाल्या.

मग मॅनेजरबाई हळू आवाजात म्हणाल्या की लेख असाच छापला तर पाटीवर नाव घालावं की नाही, याबद्दलही काही जणांच्या मनात शंका आहे. मोठ्या बाई म्हणाल्या की आपल्या मनात ती त्यांच्याही आधीपासून आहे. वाक्य ठेवायचं असेल तर ठेवा, खाली लिहा, स्त्रियांच्या वॉर्डातली आया. मॅनेजरबाईंनी विचारते म्हटलं.

मॅनेजरबाई समितीशी भांडल्या असाव्यात, कारण पुस्तक आलं तेव्हा लेख त्यात होता. जहाज पहिल्या पानावर, बाग आणि पलटण त्याच्या मागोमाग, आणि मोठ्या बाई अगदी शेवटी, औषधकंपनीच्या जाहिरातीच्या अलीकडे. शिस्तीचा परिच्छेद तेवढा गाळलेला होता. प्रशिक्षणाच्या खोलीवर पितळी पाटी लागली. तिच्यावर फक्त ते वाक्य होतं, खाली कुणाचंच नाव नाही. आयाचं नाव घालायला समिती तयार झाली नाही, आणि आयाशिवाय आपलं घालायला मोठ्या बाई.

पुस्तक आलं त्या रविवारी त्या पुन्हा बसनं गेल्या. या वेळी पिशवीत पुस्तकाबरोबर बावन्न वर्षांपूर्वीची तपकिरी डायरीही होती. भिंगरीनं पुस्तक हातात घेतलं, वास घेतला आणि लेकीकडे दिलं. मोठ्या बाईंनी डायरी मांडीवर उघडली, मंगळवारचं पान काढलं. 'सर्व ठीक' वर त्यांनी एक आडवी रेघ ओढली, अशी की खालचे शब्द वाचता येतील. वर बारीक अक्षरात लिहिलं: 'सात आणि आठ बदलल्या होत्या. भिंगरीनं सांगितलं.' बाजूला सही केली. घड्याळ पाहून वेळ टाकली, चार वाजून दहा मिनिटं.

मग पेन भिंगरीच्या हातात दिलं आणि तिचं बोट सहीच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर नेऊन ठेवलं.

"इथं काय?" भिंगरीनं विचारलं.

"चार्ज आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "दोघींची सही लागते."

भिंगरीनं डायरी डोळ्याजवळ धरली, जीभ दातात पकडली आणि मास्तरणीनं शिकवल्याप्रमाणे एकेक अक्षर सुटं काढत सही केली. अक्षरं मोठी होती. पान संपलं तेव्हा शेवटचं अक्षर तिनं बुधवारच्या पानावर काढलं.